नव्या व्हीलचा फोर्स फीडबॅक कसा लावावा: नवशिक्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

साताऱ्यात किंवा सांगलीत राहणाऱ्याला सिम रेसिंगचे, म्हणजे संगणकावर गाड्यांच्या शर्यती खेळण्याचे, व्हील विकत घेण्यापूर्वी हातात धरून पाहण्याची संधी सहसा मिळत नाही. ते ऑनलाइन मागवले जाते किंवा पुण्या-मुंबईच्या कोणाकडून वापरलेले घेतले जाते, आणि खोके उघडल्यावर ‘हे असेच लागायला हवे का?’ हे विचारायला जवळपास कोणी नसते. मग बहुतेक जण एकच गोष्ट करतात. गेममधील फोर्स फीडबॅकचा आकडा शंभरावर नेतात, व्हीलने हाताला जोरदार हिसका दिला की समाधान पावतात आणि महिनाभराने तक्रार करतात की गाडी कधी घसरते तेच कळत नाही. पुढील सर्व पायऱ्यांच्या मुळाशी एकच धारणा आहे: फोर्स फीडबॅक ही पुढच्या टायरकडून येणारी माहिती आहे आणि ती स्पष्ट पोहोचावी एवढीच ताकद ठेवायची असते.

व्हीलची मोटर काय सांगत असते

थोडे भौतिकशास्त्र आधी पाहिलेले बरे, कारण ते कळले की आकडे पाठ करण्याची गरज उरत नाही. यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाताना वळण संपत आले की चालक स्टिअरिंगवरची पकड किंचित सैल करतो आणि ते आपोआप सरळ होऊ लागते. यामागे दोन कारणे असतात. पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष वरच्या बाजूने थोडा मागे कललेला असतो, हे एक. आणि वळताना टायरचा रस्त्याला टेकलेला भाग पिळवटला जाऊन रस्त्याकडून येणारा आडवा जोर त्या भागाच्या नेमक्या मध्यावर न येता किंचित मागे येतो, हे दुसरे. दोन्हींमुळे चाकाला सरळ करू पाहणारा पीळ, म्हणजे टॉर्क, निर्माण होतो. वळण घट्ट होईल तसा हा टॉर्क वाढत जातो, परंतु टायर घसरण्याच्या काठावर आले की आडव्या जोराचे केंद्र पुन्हा मध्याकडे सरकते आणि टायरची पकड संपण्याच्या थोडे आधीच स्टिअरिंग हलके पडू लागते. हे हलके पडणे म्हणजे अंडरस्टिअरची, अर्थात पुढची चाके घसरून गाडी पुरेशी न वळण्याची, आगाऊ सूचना होय. मागच्या चाकांची पकड सुटली, तर याउलट स्टिअरिंग गाडी ज्या दिशेने सरकत आहे त्या दिशेला स्वतःच फिरू पाहते.

चांगल्या सिम्युलेटरमध्ये हा टॉर्क गणिताने काढून मोटरकडे पाठवलेला असतो. आपल्याला करायचे आहे ते एवढेच, की या संकेतातले चढउतार मोटरपर्यंत आणि मोटरपासून हातापर्यंत शक्य तितके शाबूत पोहोचावेत.

आपले व्हील कोणत्या जातीचे आहे, हेही लक्षात घ्यावे. लॉजिटेक जी२९, जी९२० आणि जी९२३ ही गिअरवर चालणारी व्हील्स असून त्यांची कमाल ताकद दोन न्यूटन मीटरच्या (टॉर्क मोजण्याचे एकक) आसपास असते. थ्रस्टमास्टर टी३०० हे पट्ट्यावर चालते, अधिक मऊ लागते आणि त्याची ताकद जवळपास चार न्यूटन मीटर असते. मोझा आर५ किंवा फॅनाटेक सीएसएल डीडी यांसारख्या डायरेक्ट ड्राइव्ह व्हील्समध्ये स्टिअरिंग थेट मोटरच्या दांड्यावर बसलेले असते. या दोन्हींची ताकद पाच-साडेपाच न्यूटन मीटरपासून सुरू होते आणि त्यांत गिअर किंवा पट्ट्याचे घर्षण नसते. पहिल्या जातीत मोटर कमजोर असते आणि मध्यावर ढिलाई असते, तर तिसऱ्या जातीत ताकद भरपूर असली तरी व्हील सरळ रस्त्यावर थरथरण्याचा त्रास असतो. म्हणूनच मित्राच्या डायरेक्ट ड्राइव्हचे आकडे आपल्या जी२९ वर उतरवून काहीही साध्य होत नाही.

पहिली पायरी: टेबल, वीज आणि कॅलिब्रेशन

आकड्यांना हात लावण्यापूर्वी व्हील पक्के बसवावे. संगणकाच्या टेबलाला कीबोर्डसाठी जो सरकता खण असतो, त्यावर व्हील कधीही लावू नये. तो खण वळणागणिक हलतो आणि मोटरने पाठवलेला बारीक कंप हातापर्यंत येण्याऐवजी लाकडातच जिरून जातो. जाड प्लायवूडचे, चारही पाय जमिनीला नीट टेकलेले टेबल जी२९ ला पुरते. डायरेक्ट ड्राइव्हसाठी मात्र लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची चौकट हवी, आणि ती एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून मापे देऊन करून घेता येते. खुर्चीला चाके असतील तर ती काढून ठेवावीत, नाहीतर प्रत्येक ब्रेकला खुर्ची मागे जाईल आणि आपण नकळत व्हीलला लटकून गाडी चालवू लागू. कोपर किंचित वाकलेले राहील एवढ्या अंतरावर बसावे.

विजेकडे आपल्या भागात वेगळे लक्ष द्यावे लागते. जुन्या पेठांतील घरांत अनेक ठिकाणी प्लगला अर्थिंग नसते. धातूच्या चौकटीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटत असेल किंवा मोटरवर जोर आला की यूएसबी तुटून परत जोडली जात असेल, तर सेटिंगशी झटापट करण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. वळवाच्या दिवसांत वीज जाते-येते, तेव्हा आणखी एक गोष्ट घडते. संगणक यूपीएसवर चालू राहतो, व्हील बंद पडते आणि वीज परत येताच ते कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे आपला मध्यबिंदू ठरवण्यासाठी, झर्रकन दोन्ही टोकांपर्यंत फिरते. घरातील वडीलधाऱ्यांना हे भलतेच वाटते. शाहूपुरीतल्या एका घरी काकूंनी दारातूनच विचारले होते, “अरे, कुणी बसलेलं नाही आणि चाक कसं काय फिरतंय?” काकूंची शंका रास्त आहे. या फिरण्याच्या वेळी कोणीही व्हीलला हात लावू नये. धरून ठेवले तर मध्यबिंदू चुकतो आणि मग सरळ रस्त्यावरही गाडी एका बाजूला ओढते. असे झाल्यास व्हीलची वीज बंद करून पुन्हा चालू करावी.

व्हीलचा निर्माता देतो ते सॉफ्टवेअर याच वेळी उतरवून फर्मवेअर, म्हणजे व्हीलच्या आतला प्रोग्राम, अद्ययावत करावे. फर्मवेअर चढत असताना वीज जाऊ नये, म्हणून हे काम वीज भरवशाची असताना करावे.

दुसरी पायरी: निर्मात्याच्या सॉफ्टवेअरमधील सेटिंग

येथे तीन गोष्टी ठरवायच्या असतात. पहिली म्हणजे रोटेशन, अर्थात व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती अंश फिरेल ते. येथे व्हीलची पूर्ण मर्यादा ठेवावी: लॉजिटेकच्या वर दिलेल्या व्हील्ससाठी ९०० अंश, टी३०० साठी १०८०. प्रत्यक्ष गाडीनुसार हा कोन कमी करण्याचे काम गेमवर सोपवावे, कारण चांगले सिम्युलेटर गाडी बदलली की कोनही आपोआप बदलतात.

दुसरी गोष्ट म्हणजे सेंटरिंग स्प्रिंग. ही कृत्रिम स्प्रिंग व्हीलला कायम मध्याकडे ओढते, मग गाडी उभी असो वा घसरत असो. वर सांगितलेला टायरचा टॉर्क तिच्याखाली दबून जातो, म्हणून रेसिंगसाठी ती बंद ठेवावी. लॉजिटेकच्या जी हबमध्ये ही स्प्रिंग फोर्स फीडबॅक नसलेल्या गेमसाठी म्हणून दिलेली आहे. थ्रस्टमास्टरच्या पॅनेलमध्ये ‘मध्यावर आणण्याचे काम गेमने करावे’ अशा अर्थाचा पर्याय निवडावा.

तिसरी गोष्ट एकूण ताकद. येथे लहान आणि मोठ्या व्हीलचे मार्ग वेगळे होतात. लॉजिटेकसारख्या कमी ताकदीच्या व्हीलवर येथे १०० टक्के ठेवावे आणि कमी-जास्त करायचे ते गेममध्येच करावे. टी३०० वर ७५ टक्क्यांपासून सुरुवात करावी. डायरेक्ट ड्राइव्हवर नवशिक्याने पहिल्या दिवशी ४०-५० टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. त्यामागे मनगटाच्या सुरक्षेचा विचार आहे: भिंतीला धडक बसताच ही मोटर व्हील एवढ्या झटक्यात फिरवते की स्टिअरिंगच्या कड्याच्या आत अडकलेला अंगठा मुरगळू शकतो. अंगठे कड्यावर टेकवून ठेवण्याची सवय लावावी, आपत्कालीन बंद करण्याचे बटण दिलेले असेल तर ते हात पोहोचेल तेथे बसवावे, आणि लहान मुलांना बसवायचे असेल तर ताकद आधी उतरवावी.

तिसरी पायरी: गेममध्ये कोरी पाटी

गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन आपल्या व्हीलचा प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंगचा संच, निवडावा. त्यानंतर रस्त्याचा कंप, कर्बचा (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यांचा) कंप, घसरण्याचा कंप, एबीएसचा कंप यांसारखे जे वाढीव परिणाम असतील ते सर्व शून्यावर आणावेत. हे परिणाम टायरच्या टॉर्कमधून आलेले नसून वरून मिसळलेले असतात, आणि गेन (फोर्सचे प्रमाण; हे पुढच्या पायरीत येईल) ठरवताना ते चालू असले तर कोणता धक्का खरा आणि कोणता मिसळलेला हे कळत नाही. नंतर हवे असल्यास थोडे परत आणता येतात. माझ्या मते कर्बचा कंप सोडल्यास बाकीच्यांची फारशी गरज भासत नाही.

गाडीत बसून आधी रोटेशन तपासावे. व्हील ९० अंश फिरवल्यावर पडद्यावरील स्टिअरिंगही ९० अंशच फिरले पाहिजे. फॉर्म्युला गाडीचे स्टिअरिंग अगदी थोडे फिरते, जीटी३ वर्गाच्या शर्यतीच्या गाड्यांत ते गाडीगणिक बदलते आणि रस्त्यावरची साधी गाडी ९०० अंशांच्या आसपास फिरते. पडदा आणि हात जुळत नसतील तर गेममधील कोन व्हीलच्या कोनाएवढा भरावा. आणि गाडी हळू चालवून व्हील किंचित वळवले असता ते मध्याकडे येण्याऐवजी आणखी वळत सुटले, तर फोर्सची दिशा उलटी आहे. ती उलटवण्याचा पर्याय बहुतेक गेममध्ये असतो.

चौथी पायरी: गेन आणि क्लिपिंग

सर्वाधिक वेळ द्यावा तो या पायरीला, कारण नवशिक्यांच्या निम्म्याहून अधिक तक्रारी येथेच उगम पावतात.

गेन म्हणजे गेमने काढलेल्या टॉर्कला कितीने गुणून मोटरकडे पाठवायचे तो आकडा. मोटरला शंभरापर्यंतच मोजता येते. समजा, एका लॅपमधील (ट्रॅकच्या फेरीतील) चार जागी गेमने काढलेला संकेत अनुक्रमे ७०, ९५, ११५ आणि १३० आहे. गेन १०० ठेवला तर मोटर ७०, ९५, १०० आणि १०० एवढाच जोर लावेल. शेवटच्या दोन वळणांत हाताला काहीच फरक जाणवणार नाही, आणि १३० वरून टायर सुटून संकेत १०५ पर्यंत घसरला तरी मोटर शंभरावरच अडकलेली राहील. म्हणजे ज्या हलकेपणाची आपण वाट पाहत आहोत तो हातापर्यंत येतच नाही. यालाच क्लिपिंग म्हणतात. जत्रेतला कर्णा पूर्ण मोठा केला की आवाज फाटतो आणि गाण्याचे शब्द कळेनासे होतात, तसाच हा प्रकार आहे. आता गेन ७५ करून पाहा: तेच संकेत सुमारे ५३, ७१, ८६ आणि ९८ होतात. जोर थोडा कमी झाला, परंतु चारही वळणे हाताला वेगवेगळी कळू लागली.

गेन ठरवण्याची रीत अशी. आपण सर्वाधिक चालवतो ती गाडी घ्यावी आणि ज्यात लांब, वेगवान वळणे आहेत असा ट्रॅक निवडावा. इटलीतील मोंझा ट्रॅकचे शेवटचे लांब उजवे वळण किंवा बेल्जियममधील स्पा ट्रॅकचा ओ रूजचा चढ यासाठी उत्तम, कारण चढाच्या तळाशी गाडी दाबली जाऊन पुढच्या टायरवरचा भार एकदम वाढतो. ॲसेटो कोर्सा या सिम्युलेटरमध्ये पेडल्सचे छोटे ॲप पडद्यावर उघडून ठेवावे. त्यात ॲक्सिलरेटर आणि ब्रेकच्या पट्ट्यांशेजारी फोर्स फीडबॅकची पट्टी असते आणि क्लिपिंग झाले की ती लाल होते. इतर सिम्युलेटरमध्येही अशा प्रकारची पट्टी किंवा आलेख बहुधा सापडतो.

टायर गरम होईपर्यंत दोन-तीन लॅप सावकाश माराव्यात, मग नेहमीच्या वेगाने चालवत पट्टीकडे पाहावे. वळणाच्या मधोमध पट्टी सलग लाल राहत असेल तर गेन पाच-पाचने कमी करावा. कर्बवर किंवा खड्ड्यावर क्षणभर लाल झाली तर ती तशीच सोडून द्यावी. ते क्षणसुद्धा वाचवायचे ठरवले तर गेन इतका खाली न्यावा लागतो की उरलेल्या लॅपभर व्हील निर्जीव लागते. सर्वांत जड वळणात पट्टी लाल होण्याच्या जरा अलीकडे थांबते, तो आपला आकडा.

डायरेक्ट ड्राइव्हवर हेच काम थोडे निराळे होते. गेममधील गेन क्लिपिंग होणार नाही असा ठेवून हाताला सोसेल तेवढी एकूण ताकद निर्मात्याच्या सॉफ्टवेअरमधून वाढवावी. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी आकडे हलवले तर काय कशामुळे झाले याचा पत्ता लागत नाही.

गाडी बदलली की टॉर्क बदलतो. ॲसेटो कोर्सामध्ये कीबोर्डच्या उजवीकडील आकड्यांच्या भागातले अधिक आणि उणे हे चिन्ह दाबून त्या गाडीपुरता गेन चालता चालता बदलता येतो, आणि मूळ सेटिंगला धक्का लागत नाही. डाउनफोर्स (हवेमुळे गाडी खाली दाबणारा जोर) असलेल्या गाड्यांमध्ये वेगाबरोबर भार वाढतो, म्हणून तिथे गेन सहसा खाली न्यावा लागतो.

पाचवी पायरी: मिनिमम फोर्स

ही पायरी गिअर आणि पट्ट्याच्या व्हीलसाठी आहे. डायरेक्ट ड्राइव्हवाल्यांनी आकडा शून्य ठेवून पुढे जावे. गिअरच्या व्हीलमध्ये फार हलका संकेत आला तर तो दात्यांचे घर्षणसुद्धा ओलांडू शकत नाही, त्यामुळे सरळ रस्त्यावर मध्याच्या आसपास व्हील मेल्यासारखे लागते. मिनिमम फोर्स हा त्या घर्षणाएवढा जोर आधीच मिळवून देतो. शून्यापासून एक-एक, दोन-दोन टक्क्यांनी वाढवत जावे आणि सरळ रस्त्यावर हात किंचित सैल करून पाहावा. एका आकड्यावर व्हील डावी-उजवीकडे स्वतःच खडखडू लागते. तेथून एक-दोन टक्के मागे यावे. जी२९ वर हा आकडा बहुधा दहाच्या आगेमागे सापडतो, पण वापरून सैल झालेल्या व्हीलवर तो वेगळा येणे स्वाभाविक आहे.

ॲसेटो कोर्सामध्ये याहून नेमका मार्गही आहे: व्हीलचेक नावाच्या छोट्या प्रोग्रामने मोटर प्रत्येक संकेताला किती हलते हे मोजायचे आणि त्यावरून एलयूटी फाइल (संकेत आणि जोर यांचा तक्ता) तयार करून गेमला द्यायची. ही फाइल वापरली तर मिनिमम फोर्स शून्य करावा, कारण ती भरपाई फाइलमध्येच आलेली असते. पहिल्या आठवड्यात याच्या मागे लागण्याची घाई नाही.

सहावी पायरी: डॅम्पिंग, फ्रिक्शन आणि इनर्शिया

डॅम्पिंग हा व्हीलच्या वेगाला विरोध करतो, फ्रिक्शन हा वेग काहीही असला तरी सारखाच विरोध करतो आणि इनर्शिया व्हीलला जडपणा देतो. गिअर आणि पट्ट्याच्या व्हीलमध्ये हे तिन्ही अंगभूतच असतात; त्यांत आणखी भर घातली तर बारीक तपशील बुजतात, म्हणून तेथे शून्य ठेवावे. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मात्र सरळ रस्त्यावर वेगाने जाताना हात सोडला तर व्हील झुलू लागते आणि झोका वाढत जातो. ते थांबेल एवढाच डॅम्पर हळूहळू वाढवावा. हलक्या हाताने धरल्यावर थरथर थांबत असेल तर तेवढे पुरे आहे. पूर्ण हात सोडून व्हील स्थिर राहावे असा हट्ट धरला की मागची चाके सुटल्यावर व्हील उलट्या दिशेला फिरायला उशीर करते आणि गाडी सावरता येत नाही.

सातवी पायरी: हाताची परीक्षा

आता पट्ट्या आणि आकडे बाजूला ठेवून एक मध्यम वेगाचे वळण निवडावे, जेथे चुकले तरी बाहेर मोकळी जागा आहे. तेथे मुद्दाम जास्त वेगाने शिरावे आणि व्हील हळूहळू वळवत जावे. जोर वाढत गेला पाहिजे, मग एका जागी तो थांबून ओसरला पाहिजे आणि त्यानंतर गाडी सरळ बाहेर घसरू लागली पाहिजे. जोर ओसरल्याचे आधी कळले आणि गाडी नंतर घसरली, तर सेटिंग जमले. आधी डोळ्यांना घसरणे दिसले आणि हाताला काही कळलेच नाही, तर पुन्हा क्लिपिंग तपासावे आणि सेंटरिंग स्प्रिंग खरोखर बंद आहे का ते पाहावे. पावसाळी ट्रॅकवर हीच परीक्षा अधिक स्पष्ट होते, कारण ओल्या रस्त्यावर सगळेच हलके असते आणि काठ लवकर येतो.

युरो ट्रक सिम्युलेटर २ साठी एवढे खोलात जाण्याची गरज नाही. तेथे टायरच्या काठावर कोणी गाडी चालवत नाही. गेन मध्यम ठेवून लांबच्या प्रवासात खांदे दुखणार नाहीत हे पाहिले तरी चालते, आणि इतर रेसिंग गेमचे आकडे तेथे लावू नयेत.

राहिला प्रश्न उष्णतेचा आणि आवाजाचा. एप्रिल-मे मध्ये सांगलीच्या दुपारी बंद खोलीत तासभर चालवल्यावर मोटर तापते आणि काही व्हील्स स्वतःला वाचवण्यासाठी ताकद कमी करतात. संध्याकाळी जमवलेले सेटिंग दुपारी मऊ लागले तर गेन वाढवू नये. व्हीलला विश्रांती द्यावी आणि त्याच्या झरोक्यांसमोर वही-पुस्तके रचू नयेत. गिअरच्या व्हीलचा खडखडाट रात्री टेबलातून स्लॅबमध्ये आणि तेथून खालच्या मजल्यावर उतरतो. टेबलाच्या पायांखाली जाड रबराचे तुकडे ठेवल्यास तो बराच कमी होतो. तेवढ्याने भागले नाही तर रात्रीपुरता कर्बचा कंप शून्य करावा, गेनला हात लावू नये.

फर्मवेअर किंवा गेमची नवी आवृत्ती आली की हे आकडे कधी कधी मूळपदावर जातात. त्यामुळे निर्मात्याच्या सॉफ्टवेअरचा आणि गेमच्या सेटिंगचा असे दोन्ही पडद्यांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावेत आणि फोटोबरोबर गाडीचे नावही लिहावे.